उसनी काच

४ सप्टेंबर, सोमवार

आलो एकदाचे! टेम्पो सकाळी दारात लागला आणि दुपारच्या चहापर्यंत आमचा सगळा संसार दोन खोल्यांत मावलासुद्धा. किती कमी सामान आहे आपलं, असं मी आईला म्हटलं, तर ती म्हणाली की सामान कमी नाही, तू टाकलंस जास्त. म्हणजे बाईसाहेब ताळ्यावर आहेत.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्वयंपाकघर एवढंसं की एकीला वळायचं असेल तर दुसरीने बाहेर जायचं. पण खिडकी मोठी आहे आणि समोर एका लाँड्रीची गच्ची दिसते. तिथे पांढऱ्या चादरी वाळत असतात. आई बराच वेळ त्या बघत उभी होती, आणि मग तिने चक्क मत दिलं की इथे उजेड बरा आहे. गेल्या हिवाळ्यात घुम्या गेला, तेव्हापासून आईने कशावरच मत दिलं नव्हतं. मी मनातल्या मनात उडी मारली.

घुम्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी तासन्‌तास तोंड उघडायचा नाही म्हणून घुम्या. मी अखंड बोलणारी आणि साऱ्या जगाला अक्कल शिकवणारी, म्हणून ठमी. आई अजूनही मला ठमे अशीच हाक मारते. घुम्याची मोटरसायकल एका ओल्या वळणावर घसरली. आज एवढंच लिहिते. नव्या वहीचं पहिलंच पान आहे, ते रडून भिजवायचं नाही.

उद्यापासून नवी नोकरी. शर्टाला इस्त्री केली आहे. माझ्यासारख्या आळशी बाईने आदल्या दिवशी इस्त्री करणं म्हणजे केवढा उत्साह असेल बघा!

५ सप्टेंबर, मंगळवार

दुकान आवडलं. पुढे काउंटर, मागे लांबलचक टेबल, त्यावर भिंग लावलेले दिवे, चुंबकाच्या चटया आणि स्क्रू ठेवायच्या इवल्या डब्या. फोन आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, आणि बिघडलेल्या फोनमधून लोकांचे फोटो, नंबर, जे काही असेल ते काढून द्यायचं. मालकांना सगळे मास्तर म्हणतात, कारण पूर्वी ते हे काम शिकवायचे. काउंटर त्यांच्या बायकोकडे. त्या साऱ्या गल्लीच्या वहिनी, म्हणून आजपासून माझ्याही.

पहिलंच गिऱ्हाईक आलं ते चिडलेलं. फोन कॉम्प्युटरला जोडला तरी कॉम्प्युटर त्याला ओळखतच नाही म्हणे. मास्तरांनी मला पुढे केलं आणि स्वतः हाताची घडी घालून उभे राहिले. माझी परीक्षा! मी आधी केबल बदलली, कारण निम्म्या केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. नाही. मग फोनच्या भोकात दात कोरायची काडी घालून कापसाचा हा एवढा बोळा काढला. गिऱ्हाईक लाजलं. फोनला कंप आला, पण कॉम्प्युटर ढिम्म. मग लक्षात आलं की फोनला कुलूप आहे. कुलूप काढल्याबरोबर फोनने विचारलं, या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवू का? गिऱ्हाइकाने हो म्हटलं आणि गाडी रुळावर आली.

मास्तर म्हणाले की याच क्रमाने जायचं. केबल, भोक, कुलूप, होकार. त्यातलं होकाराचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण कॉम्प्युटरने कितीही हाका मारल्या तरी फोनवाल्याने ओ दिल्याशिवाय काही होत नाही. माणूस शिकवायला लागला की थांबत नाही. माझ्याच जातकुळीतला आहे.

७ सप्टेंबर, गुरुवार

टेबलाच्या वर एक वेगळं फडताळ आहे. त्यातल्या फोनना मास्तर ‘मागे राहिलेले’ म्हणतात. ज्यांची माणसं गेली आहेत, असे. त्यांचे नियम वेगळे. घरचं कुणीतरी समोर बसलेलं असेल तरच तो फोन उघडायचा. काच फुटलेली असेल तर दुकानातली काच तात्पुरती जोडायची, नाहीतर फोन काय विचारतो ते दिसणार कसं आणि त्याला हो म्हणणार कसं? त्या काचेला इथे उसनी काच म्हणतात. काम झालं की दुकान बंद व्हायच्या आत ती काढून परत तिच्या डबीत. आणि तिसरा नियम असा की उसनी काच कधीही वापरातल्या फोनची काढायची नाही, मग तो फोन आपला स्वतःचा का असेना.

मी कारण विचारलं. मास्तर म्हणाले, स्क्रूंची सरमिसळ होते. मला हसू आलं. पण ते हसत नव्हते, म्हणून मी आवरलं.

आज एक आजोबा आले होते, बायकोचा फोन घेऊन. त्यात फोटो निघाले ते सगळे पिशव्यांचे. बाजारात गेल्यावर बाई चुकून फोटो काढायच्या म्हणे. आजोबांनी एकूण एक फोटो मागितला. मी मोरीत जाऊन नाक शिंकरून आले.

१० सप्टेंबर, रविवार

आज सकाळी आई भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली की तिला घुम्याचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो, चालणं आठवतं, हसला की खांदे हलायचे तेही आठवतं. आवाज आठवायला गेलं की नुसते ओठ हलताना दिसतात. हे सांगताना ती रडली नाही. घरात काही संपलं की सांगते तशा सुरात तिने ते सांगितलं.

आमच्याकडे त्याचा आवाज कुठेही नाही. फोनवर बोलायचा तो हं, बरं, ठेवतो एवढंच. पण एक गोष्ट आईला ठाऊक नव्हती, ती मी तिला आज सांगितली आणि सांगून चूक केली की काय, देव जाणे. घुम्या माणसांशी बोलायचा नाही, पण फोनशी बोलायचा. उद्याची कामं तो लिहून ठेवत नसे, फोनवर स्वतःच्या आवाजात सांगून ठेवत असे. मी एकदा चोरून ऐकलं होतं आणि महिनाभर त्याची चेष्टा केली होती.

तो फोन माझ्या पेटीत आहे. अपघातात काच गेली. चार्जिंगला लावला की आतून थरथरतो, म्हणजे जीव आहे. आईने मी करीन का असं माझ्याकडे बघितलं. असं बघितल्यावर नाही म्हणायची छाती कुणाची आहे?

१२ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी मास्तर आणि वहिनी जेवायला घरी जातात तेव्हा दुकान माझंच असतं. घुम्याचा फोन जोडून बघितला. केबल बदलली. भोक साफ केलं, त्यात वाळू निघाली. त्या वळणावरची असणार. ती मी फुंकली नाही, कागदात बांधून ठेवली. कॉम्प्युटरवर एक अक्षर नाही. फोन हातात थरथरतो आहे, म्हणजे तो काहीतरी विचारतो आहे, आणि ते मला दिसत नाही. फार वाईट वाटलं.

मास्तरांना या जातीची काच आहे का म्हणून विचारलं. कुणाचा फोन ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईला समोर बसव म्हणाले असते, आणि आत काही निघालंच नाही तर ते आईने बघायला नको होतं. काच नाही म्हणाले. मागवावी लागेल, आठवडा-दीड आठवडा लागेल.

या जातीची काच दुकानात एकच आहे, आणि ती माझ्या खिशात. फोन आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले होते, रंगसुद्धा एकच. मग घरी कुणाचा कुठला यावरून भांडणं.

१४ सप्टेंबर, गुरुवार

केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असेल, पण केलं.

दुपारी माझ्या फोनची काच गरम करून उतरवली आणि त्याच्या फोनला जोडली. उजेड आला. फोन नुकताच सुरू झाला की आधी आकडाच मागतो, चेहरा चालत नाही, हे आमच्या धंद्यातलं अगदी बाळबोध ज्ञान. त्याचा आकडा मला माहीत होता. तो टाकायला मी बोट उचललं आणि फोन उघडला. माझ्याकडे बघून उघडला. भावंडांचे चेहरे सारखे असले की फसतात हे फोन, अशी मी समजूत घातली. होकार मागितला, तो दिला. कॉम्प्युटरने टुण्ण केलं आणि फोनचं नाव दाखवलं. मेल्याने नाव दिलं होतं ‘ताईने हात लावू नये’. मी हसत सुटले आणि मग हसणं कुठे संपलं ते कळलंच नाही.

आवाज आहेत! भरपूर आहेत. उद्या आईच्या गोळ्या, पांढऱ्या, लहान. चपलेचा अंगठा शिवायचा. ताईला वाढदिवसाला काय पाहिजे ते तिला न विचारता शोधायचं. मी ते सगळे कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. तिथे लावले तर मुके. एकही बोलेना. पुन्हा उतरवले, तेच. फोनमध्येच वाजतात. म्हणून काच परत काढली नाही. फोन तसाच घरी आणला. दुकानातला एक जुना बटणांचा फोन मी सध्या वापरते आहे.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

आईने फोन कानाला लावला. पहिल्या शब्दाला तिने डोळे मिटले. मग म्हणाली की हो, असाच होता, जरासा नाकातून. गोळ्यांचं तिने सात-आठ वेळा ऐकलं. मग उठून स्वतः जेवायला वाढून घेतलं आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून मला बोलली.

इतकं बरं वाटलं मला! मास्तरांचे नियम मास्तरांपाशी.

१७ सप्टेंबर, रविवार

एक विचित्र झालं आहे. लिहू की नको.

सकाळी आईने मला बोलावून नवा आवाज ऐकवला. घुम्याचाच. आईच्या खोलीतला दिवा फडफडतो, उद्या बदलायचा.

जुन्या घरातला असेल म्हटलं. पण तिथे आई बाहेरच्या खोलीत निजायची, तिला खोलीच नव्हती. फोनमध्ये तारीख बघितली. आजची. घड्याळ चुकलं असेल, काच बदलताना बॅटरी काढली की चुकतं. बघितलं. घड्याळ बरोबर होतं.

आईच्या खोलीत गेले. दिवा फडफडत होता. आई माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली की बघ, त्याला दिसतं सगळं. ती खूश होती. मी दिवा बदलला.

१९ सप्टेंबर, मंगळवार

आज पुन्हा एक. नेहमीच्याच सुरात, गोळ्या आणायच्या त्याच सुरात.

उद्या ताईचा डावा हात.

एवढंच. आईला विचारलं की तू हे ऐकलंस का. ती म्हणाली की त्याचं काहीतरी काम असेल.

२० सप्टेंबर, बुधवार

घुम्या डावखुरा होता. मी नाही.

आज दुकानात स्क्रू उजव्या हातात धरवेना. तीनदा पडला. मग डाव्या हाताने आपणहून उचलला आणि बसवला, असा सफाईने की मास्तरांनी भिंगातून मान वर केली. मी हे पान डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर माझं नाही. ओळी खाली उतरत चालल्या आहेत, त्याच्या उतरायच्या तशा. शाळेत त्यावरून मार खायचा बिचारा.

मला त्याची भीती वाटते आहे, हे लिहायचीसुद्धा लाज वाटते. माझा भाऊ तो. त्याला मी अंघोळ घातली आहे.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

मागवलेली काच आली. देव पावला म्हटलं. दुपारी फोन दुकानात नेला. आई देत नव्हती, संध्याकाळी आणते अशी शपथ घेतली तेव्हा दिला. नवी काच घुम्याच्या फोनला जोडली. अंधार. माझी जोडली की उजेड, नवी जोडली की अंधार. जोडणीची पट्टी बदलली, पुसली, फुंकली. नवी काच चांगली आहे, माझ्या फोनला लावली तर लख्ख चालली. पण माझा फोन माझ्याकडे बघून उघडेना. आकडा टाकला. चुकीचा म्हणाला. माझाच आकडा.

वहिनी केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. दोन सारखे फोन टेबलावर उघडे बघून त्या स्टूल ओढून शेजारी बसल्या. म्हणाल्या, अगं बाई, तूही का! मग त्यांनी सांगितलं. मास्तरांनी असंच केलं होतं, त्यांच्या वडिलांच्या फोनसाठी, स्वतःच्या फोनची काच काढून. वडिलांना मोतीबिंदू होता. मास्तरांना एका सकाळी उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं. डॉक्टर म्हणतात डोळा निरोगी आहे. वहिनींनी भांडून भांडून काच परत लावायला लावली, तेव्हा पुढचं थांबलं. डोळा गेला तो गेलाच. आणि वडिलांचा फोन त्यानंतर कुठल्याच कॉम्प्युटरने ओळखला नाही. आतलं सगळं संपलं.

काच आजच काढ म्हणाल्या. पोरी, गेलेलं माणूस वाईट नसतं, त्याला फक्त घरी यायचं असतं, आणि यायला त्याच्याकडे काही उरलेलं नसतं. असं म्हणाल्या त्या.

काच काढली तर आईला त्याचा आवाज पुन्हा कधीच नाही. उद्या काढते. आजच्या दिवस ऐकू दे तिला.

२३ सप्टेंबर, शनिवार

नाही काढली. आई आज गाणं गुणगुणत होती.

२५ सप्टेंबर, सोमवार

काल म्हणाला, उद्या ताईचा आवाज.

सकाळपासून घशातून हवा येते, शब्द नाही. वहिनींनी गरम पाणी दिलं. काच काढलीस ना म्हणून विचारलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

संध्याकाळी जिना चढून आले, दार उघडलं आणि आईला हाक मारली. आवाज आला. जरासा नाकातून. आई स्वयंपाकघरातून धावत आली. माझा चेहरा बघून क्षणभर थबकली. मग तिने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली की बोल, बोलत राहा.

मी बोलले नाही. ती डोळे मिटून वाट बघत उभी राहिली. मग बोलावं लागलं.

२७ सप्टेंबर, बुधवार

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आईला सांगितलं की तुमचा मुलगा गुणी आहे. त्यांचं सिलिंडर वर चढवून दिलं म्हणे, एक शब्द न बोलता. मला यातलं काहीही आठवत नाही. खांदा दुखतो आहे.

आईने त्या बाईंना सांगितलं की तो लहानपणापासून असाच आहे. आहे म्हणाली.

मग रात्रीच्या भाजीचं विचारायला तिने हाक मारली. माझ्याकडे बघून. घुम्या म्हणून.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

दुकानात माझा फोन कॉम्प्युटरला जोडला. केबल बदलली. भोक साफ केलं. कुलूप — कुलूप उघडत नाही. कॉम्प्युटरवर काही नाही. फोन थरथरतोय. काहीतरी विचारतोय. मी हो म्हणते आहे, हो, हो, माझाच आहे, पण —

वहिनी आल्या. काउंटरमागून जशा गिऱ्हाइकाकडे बघतात तशा बघितलं. काय तक्रार आहे फोनची, असं विचारलं. मला. मग मास्तर पुढे आले आणि डावा डोळा बारीक करून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले की अजून वेळ आहे, काच काढ. जेवढी उरली आहेस तेवढी तरी.

मास्तर रडत होते.

१ ऑक्टोबर, रविवार

ठरवलं. सकाळी आई अंघोळीला गेली तेव्हा ताट, गरम पाण्याची पिशवी, पातं, सगळं मांडलं. फोन घेतला. त्यात नवा आवाज होता. ऐकायचा नव्हता, पण आपणहून लागला.

उद्या ताईचा चेहरा. मग झालं. मग आईजवळ.

आणि मग थोडं थांबून, तसाच, हळू — ताईला थँक्यू म्हणायचं, विसरायचं नाही.

मी ओक्साबोक्शी रडले. तरी पातं काचेच्या कडेत घातलं. कड सुटत आली होती. आई दारात उभी होती, ओले केस, टॉवेल हातात. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी तिला सगळं सांगितलं, त्याच्या आवाजात, दुसरा आवाजच नाही माझ्याकडे. हात सांगितला, आवाज सांगितला, उद्याचं सांगितलं. काच निघाली तर तो संपेल आणि नाही निघाली तर मी, हेही सांगितलं. वाटलं, ओरडेल. पातं हिसकावून स्वतः काढेल काच.

आईला माहीत होतं. ती दिवसभर तेच तर ऐकत बसते. सगळं माहीत होतं पहिल्यापासून.

ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या केसांवरून हात फिरवला, फार मायेने. माझ्याकडे बघून, मलाच, म्हणाली —

“दे ना गं त्याला. तू मोठी आहेस ना.”

मी पातं खाली ठेवलं.

२ ऑक्टोबर, सोमवार

आरशात बघायचं नाही.

आई उठली आहे. स्वयंपाकघरात भांडी वाजताहेत. हसते आहे. ती हसायची तेव्हा अशी हसायची, हे मी विसरूनच —

राग नाही आला. यावा म्हणून वाट बघितली. नुसतं दुखतंय. गालांपाशी, डोळ्यांच्या मागे, काच गरम करताना कड सुटते तसं —

हाक मारते आहे. जेवायला ये. घुम्या, ये लवकर. गार होईल.

एकच ताट वाढलंय.

आई, जाताना एवढंच. मला एकदा हाक मार. माझ्या नावाने. ठमे म्हण. तोंड नको बघूस वाटलं तर, डोळे मिटून म्हण, एकदाच म्हण, मग मी —